व्हिएतनामला निघताय? आधी सासूबाईंच्या गोळ्या दाखवा

प्रश्न: दिवाळीनंतर आम्ही पाच जण नऊ दिवसांसाठी व्हिएतनामला जातोय. मी, नवरा, नणंद, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ७१, मधुमेह आणि बीपी). गेल्या वर्षी थायलंडला नवऱ्याला दुसऱ्याच दिवशी जुलाब लागले. ग्रुपमधल्या एका काकांनी कसलीशी गोळी दिली. जुलाब थांबले, पण पोट फुगलं, ताप चढला आणि उरलेले दिवस हॉटेलच्या खोलीत गेले. यंदा औषधांची नीट पिशवी न्यायची आहे. काय काय घेऊ, आणि डॉक्टरकडे कधी धावायचं?

उत्तर: ताई, कोल्हापुरात माझी प्रॅक्टिस सुरू होऊन एकतीस वर्षं झाली. मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास दवाखान्यात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "मॅडम, फिरायला चाललोय, जुलाबाची एक चांगली गोळी लिहून द्या." सगळ्यांना एक गोळी हवी असते. तुम्ही पिशवी म्हणालात, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात सासूबाई शेवटी आल्यात. माझ्या लेखी त्या पहिल्या.

काही वर्षांपूर्वी माझे एक पेशंट, निवृत्त मास्तर, बालीहून उतरले ते थेट माझ्याकडे आले. तिकडे तीन दिवस जुलाब झाले होते, दिवसाला पाच-सहा, म्हणजे फार नव्हेत. पण माणूस शिस्तीचा. बीपीची गोळी सकाळी आठला, साखरेच्या गोळ्या जेवणाच्या वेळेला, एकही चुकवली नाही. त्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. एकीकडे पाणी जुलाबावाटे जातंय, दुसरीकडे गोळी ते लघवीवाटे काढतेय, आणि पायऱ्या चढून गुडघे दुखले म्हणून वर वेदनाशामक. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा आकडा पाहून मीच खुर्चीत सावरून बसले. किडनी परत वळणावर आली, पण आठवडाभर अॅडमिट राहावं लागलं. त्यांच्याबरोबरच्या तरण्या मेव्हण्याला पंधरा-वीस वेळा झाले होते, आणि तो तिसऱ्या दिवशी समुद्रात डुंबत होता.

तेव्हा जुलाब किती वेळा झाले हे मोजण्याआधी ते कुणाला झाले हे बघा.

निघायच्या आधी सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा, "उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं जाईना, तर यातली कुठली थांबवायची आणि परत कधी सुरू करायची?" उत्तर कागदावर लिहून घ्या. सर्वसाधारणपणे आम्ही काय सांगतो ते लिहिते, पण शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, तसंच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या बीपीच्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या. मेटफॉर्मिनही थांबवायचं. (मेटफॉर्मिन मुळातच काहींचं पोट ढिलं ठेवतं, हेही लक्षात असू द्या.) डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखर लघवीतून बाहेर टाकणाऱ्या गोळ्या तर आवर्जून. शरीर कोरडं पडलेलं आणि पोट रिकामं असताना त्या चालू राहिल्या तर रक्तात कीटोन आम्लं साचू शकतात. यातला धोका असा, की ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि घरचे निर्धास्त राहतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण गेलं नाही तर साखर उतरते. इन्सुलिन मात्र मनानं पूर्ण बंद करायचं नाही, मात्रा कमी-जास्त करायला डॉक्टरांना फोन लावायचा. खाणंपिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की बहुतेक गोळ्या पुन्हा सुरू होतात. ताप किंवा अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक यांना त्या दिवसांत हात लावू नका. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि जमलं तर बीपीचं यंत्र बरोबर घ्या.

आता ओआरएस. हे ऐकून पेशंटच्या चेहऱ्यावर "एवढंच?" असं उमटतं, म्हणून थोडी गोष्ट सांगते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ड्रममधून वाटायला सुरुवात केली. तीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं शेकडा प्रमाण चारच्या खाली आलं. यामागचं कारण साधं आहे. आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे, की ज्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. कितीही जुलाब लागले तरी हे दार बहुधा शाबूत राहतं. नुसतं पाणी प्यायलं तर जोडी नाही. कोला किंवा पॅकबंद ज्यूस प्यायला तर साखर भरमसाट, ती उलट पाणी आतड्यात ओढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. कोलामध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर. त्यामुळे "आईंना शुगर आहे, ओआरएस नको" असं म्हणू नका. लिटरभरात जेमतेम तीन चमचे ग्लुकोज जातं, ते त्यांना चालतं.

पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा. फळांच्या चवीची, खोक्यातली गोड पेयं आपल्याकडे बरीच वर्षं नावात 'ओआरएस' मिरवत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं त्याला मनाई केली. बरं झालं, पण फार उशिरा झालं.

पाकिटाची एक गफलत मी दर हंगामात पाहते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. हॉटेलच्या खोलीत ठेवलेली फुकट बाटली बहुधा अर्ध्या लिटरची. लिटरचं पाकीट त्यात ओतलं की मीठ दुप्पट झालं, आणि चार वर्षांच्या पोरीला ते घातक ठरू शकतं. म्हणून छोटी पाकिटं न्या आणि २०० मिलीची खूण केलेली एक बाटली बरोबर ठेवा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचं. तिकडे पाकिटं संपली तर औषधाच्या दुकानात "ओरेसोल" मागा, व्हिएतनाममध्ये ओआरएसचं हेच नाव. दुकानाच्या पाटीवर "न्हा थुओक" लिहिलेलं असतं. अगदीच काही नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजपंचे घालायचं नाही. शहाळं तिकडे दक्षिणेत मुबलक, खुशाल प्या, पण त्यात मीठ फार कमी असतं, म्हणून ते ओआरएसच्या जोडीला, बदली नाही.

थायलंडच्या काकांकडे वळते. ती गोळी बहुधा लोपेरामाइड असावी. ती जंतू मारत नाही, आतड्याची हालचाल मंदावते. ताप असताना किंवा शौचात रक्त-आव असताना ती घेतली तर जंतू आणि त्यांचं विष आतच अडकून पडतं आणि पोट फुगतं. तुमच्या यजमानांचं तसंच काहीसं झालं असणार. म्हणून ती गोळी टाकाऊ ठरत नाही. हनोई ते 'हा लाँग' उपसागराची अडीच-तीन तासांची बस आहे, ताप नाही, रक्त नाही, नुसतं पाण्यासारखं होतंय, अशा वेळी मोठ्या माणसानं दोन गोळ्या (चार मिलिग्रॅम) आणि मग दर जुलाबानंतर एक, दिवसात एकूण चार गोळ्यांच्या वर नाही, एवढं चालतं. मुलीला अजिबात नाही. सासूबाईंनाही विचारल्याशिवाय नाही. लोमोटिल नावानं ओळखली जाणारी डायफिनॉक्सिलेटची गोळी घरीच ठेवा. ती आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रणाच्या यादीत येते, विमानतळावर नसती चौकशी कशाला.

अँटिबायोटिक हा माझा दुखरा विषय. आपल्याकडे दोन जुलाब झाले की नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी पोटात जाते. प्रवासातले जुलाब बहुतेक जिवाणूंचे असतात हे खरं. सगळ्यात वर ई. कोलायची एक विषारी जात, मग कॅम्पिलोबॅक्टर, शिगेला, साल्मोनेला. पण त्यातले बरेचसे तीन ते पाच दिवसांत आपले आपण बरे होतात. शिवाय आग्नेय आशियात कॅम्पिलोबॅक्टर मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तिथला कॅम्पिलोबॅक्टर या 'फ्लॉक्सासिन' घराण्याला फारसा जुमानत नाही. म्हणून तिकडे जाणाऱ्या मोठ्यांना मी अॅझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या लिहून देते, रोज एक, तीन दिवस. तीही ताप, रक्त किंवा खोलीबाहेर पडता येऊ नये इतका जोर असेल तरच. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल किंवा त्यासाठीची औषधं चालू असतील तर ती घेण्याआधी विचारायचं, सासूबाईंबाबत नक्कीच. आणि टिनिडॅझोल, मेट्रोनिडॅझोल चालू असताना बीअर घेतली तर तोंड लाल होऊन जी मळमळ सुटते ती मूळ दुखण्याहून वाईट. हे मी पुरुषांना मुद्दाम सांगते, बायकोसमोर.

उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन मोठ्यांना चालतं, मात्र ते आणि अॅझिथ्रोमायसिन दोन्ही ठोक्यांवर परिणाम करणारी, म्हणून ज्येष्ठांना एकत्र देऊ नये. मुलीसाठी तिच्या वजनाप्रमाणे मात्रा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. सगळं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. मोठी बॅग दुसऱ्या विमानानं गेली तर काय, हा प्रश्न आधी सुचत नाही.

तुम्हाला किंवा नणंदेला पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची असेल तर एक ध्यानात ठेवा. गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती अंगी लागलेली नसते, रक्तस्राव सुरू होऊ शकतो.

"आमचं पोट तांबड्या रश्श्यावर पोसलंय, आम्हाला काय होतंय" हे मी रोज ऐकते. तिखट पचवणं आणि जंतू पचवणं यांचा काही संबंध नाही. आपल्या आतड्याची ओळख आपल्या गावच्या जंतूंशी असते, तीही गाव सुटलं की पुसट होत जाते. अमेरिकेत वाढलेली नातवंडं इथे आली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात ती यामुळेच.

व्हिएतनामचं जेवण मुळात चांगलं आहे. वाफाळता रस्सा, डोळ्यांसमोर उकळलेल्या शेवया. घोटाळा भोवतीच्या गोष्टींत होतो. फो, म्हणजे तिथला शेवयांचा रस्सा, त्याच्याबरोबर ताटभर कच्ची पानं आणि मोड येतात, ती नळाच्या पाण्यात धुतलेली असतात आणि तिथलं नळाचं पाणी पिण्याजोगं नसतं. मोड उकळत्या रश्श्यात बुडवून घ्या, पानं सासूबाईंनी आणि मुलीनं सोडलेली बरी. हनोईच्या अंड्याच्या कॉफीत जवळजवळ कच्चं बलक फेटलेलं असतं, तीही या दोघींना नको. बान्ह मी हा तिथला भरलेला पाव आतल्या पाते (वाटलेल्या मांसाचा लेप) आणि मेयोनीजमुळे उन्हात लवकर बिघडतो. मे २०२४ मध्ये दोंग नाय प्रांतातल्या लाँग खान्ह शहरात एकाच दुकानाचा बान्ह मी खाऊन पाचशेहून जास्त माणसं आजारी पडली होती. गर्दीच्या दुकानातून, समोर भरून घेतलेला खा, बसमध्ये संध्याकाळसाठी बांधून ठेवू नका. 'हा लाँग'च्या बोटीवर अर्धवट भाजलेली कालवं पुढ्यात येतील, ती सोडा. दात घासायलाही बाटलीतलंच पाणी.

आणि आपल्या मंडळींची एक खास सवय, बुफेतली उकडलेली अंडी टिश्यूपेपरात गुंडाळून दुपारसाठी पर्समध्ये टाकणं. पस्तीस अंशांत सहा तास! अशा अंड्यांचे आणि डब्यातल्या फोडणीच्या भाताचे बळी मी परदेशातल्या हॉटेलांच्या खाण्याइतकेच पाहिलेत. शिजवून कोमट ठेवलेल्या भातात एक जंतू विष तयार करतो, आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा असंच तयार विष पोटात गेलेलं असतं. ते दिवसभरात निवळतं, अँटिबायोटिकचा तिथे काही उपयोग नसतो.

हात साबणानं धुवा. बोटीवर, बसमध्ये पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब लावणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. एकाला झालं की त्यानं इतरांच्या ताटाला, फळांच्या कापलेल्या फोडींना हात लावायचा नाही. (तिकडच्या बऱ्याच हॉटेलांत जेट स्प्रे असतो. युरोपातून आलेल्यांना विचारा, केवढा दिलासा असतो ते.)

दुखणं आलंच तर उपाशी ठेवू नका. व्हिएतनामी लोक आजाऱ्याला तांदळाची पातळ पेज देतात, चाओ म्हणतात तिला. साधी पांढरी हवी तर "चाओ चांग". गंमत म्हणजे 'नमस्कार' लाही चाओच म्हणतात, फक्त सूर खाली उतरतो, पेजेचा वर चढतो. तुम्ही पेज मागाल आणि वेटर हसून नमस्कार करील, तेव्हा शब्द मोबाइलवर लिहून दाखवा. वर चिमूटभर मीठ आणि घरून नेलेलं मेतकूट घातलं की सासूबाई वाटी संपवतील. दूध, आइस्क्रीम, कंडेन्स्ड मिल्कची कॉफी मात्र चार-पाच दिवस नको, आतडं खरचटलेलं असताना दुधातली साखर पचत नाही.

मुलीला दर जुलाबानंतर १०० ते २०० मिली ओआरएस. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं काम आहे, तास-दीड तास जातो, पण सलाइन टाळणारी गोष्ट ती हीच. लेकरू ढसाढसा प्यायला मागतं, आपण दया येऊन ग्लास देतो, आणि सगळं बाहेर येतं. झिंकच्या विरघळणाऱ्या २० मिलिग्रॅमच्या गोळ्या न्या, तिच्या वयाला रोज एक, दहा ते चौदा दिवस, जुलाब थांबले तरी.

डॉक्टरकडे कधी? मुलीला सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, ती पेंगुळली किंवा चमच्यानं दिलेलंही ठरेना, तर सकाळची वाट बघू नका. मोठ्यांना शौचात रक्त, थंडी वाजून ताप, पोटात एकाच जागी न थांबणारी कळ, किंवा दोन-तीन दिवसांत उतार नाही. सासूबाईंच्या बाबतीत उंबरठा खाली आणा. उभं राहताना भोवंड, बोलण्यात गोंधळ, लघवी अगदी कमी, किंवा बारा तास पोटात काही न ठरणं, एवढं पुरे.

त्यांच्याविषयी आणखी एक. मधुमेही ज्येष्ठ बाईला अचानक मळमळ, घाम आणि "छातीत गॅस अडकल्यासारखं" वाटू लागलं, जुलाब एकही नाही, तर ते पोट नसून हृदय असू शकतं. अँटासिड देऊन निजवू नका, ईसीजी काढा. अशा 'अॅसिडिटी'नं मला दोनदा चांगलाच धडा शिकवलाय.

व्हिएतनाममध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५, पण फोन हॉटेलच्या काउंटरवरून करवून घ्या, भाषेचा वेळ वाचतो. आंतरराष्ट्रीय रुग्णालयं हनोई, दा नांग, हो ची मिन्हसारख्या शहरांत आहेत, बोटीवर नाहीत. तेव्हा संध्याकाळी कुणाचं पोट बिघडायला लागलं असेल तर बोटीवरची रात्र रद्द करायची तयारी ठेवा, पैसे गेले तरी. प्रवास विमा घेताना सासूबाईंचा मधुमेह आणि बीपी लपवू नका. आणि अॅडमिट होण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवा. बरेच दावे या दोन कारणांनी अडकतात.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसी झाल्या नसतील तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. त्यांनी नेहमीचे जुलाब अडत नाहीत, पण महिनाभर अंथरुणाला खिळवणारी दुखणी टळतात.

परत आल्यावर कुणाचं पोट दोन आठवड्यांनंतरही ढिलं असेल, अन्नाचा वास नकोसा, करपट ढेकर, वजन उतरतंय, तर जिआर्डियासाठी शौच तपासून घ्या. हा परजीवी सावकाश डोकं वर काढतो, कधीकधी घरी पोचल्यावरच. आणि ताप आला तर, जुलाब असोत-नसोत, दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं वाक्य हे बोला, "आम्ही व्हिएतनामला जाऊन आलोय." आम्ही डॉक्टर विचारायचं विसरतो.